बिनतारी कुलपाची बखर

घरातल्या वाय-फाय राउटरच्या सेटिंगचे पान बहुतेकांनी एकदा तरी पाहिलेले असते. नवीन जोडणी देणारा मुलगा लॅपटॉपवर ते उघडतो, भराभर चार-सहा ठिकाणी टिचक्या मारतो, 'पासवर्ड काय ठेवायचा?' एवढेच विचारतो आणि निघून जातो. त्या पानावर 'सिक्युरिटी' नावाचा एक चौकोन असतो. तो उघडला की खाली यादी उतरते : काहीही नाही, डब्ल्यूईपी (म्हणजे 'वेप'), डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-२, डब्ल्यूपीए-३. काही यंत्रांत त्यापुढे आणखी टीकेआयपी आणि एईएस अशी जोडी असते. आपल्या घराचे कुलूप यातून निवडायचे असते. निवडायचे कसे, हे मात्र त्या पानावर कुठेही लिहिलेले नसते.

मला या यादीचे कुतूहल वाटत आले आहे ते वेगळ्या कारणाने. इनामगावच्या पांढरीत जसे वस्तीचे थर एकावर एक बसलेले सापडले, तसेच या यादीचे आहे. फरक इतकाच की पांढरीत सर्वांत जुना थर तळाशी असतो, इथे तो बऱ्याचदा सर्वांत वर असतो. प्रत्येक थरामागे काही माणसे आहेत, एखादा सरकारी कायदा आहे, कारखानदारांची घाई आहे आणि कोणाचे तरी नुकसान आहे. हा इतिहास जेमतेम पाव शतकाचा आहे. तो समजून घेतला की कोणते कुलूप लावावे हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि मोडकी कुलुपे इतकी वर्षे विक्रीला का राहिली, तेही कळते.

मोकळे रान

सुरुवात होते १९८५ मध्ये. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने त्या वर्षी रेडिओलहरींचे काही पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. त्यांतला एक २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. मायक्रोवेव्ह भट्ट्या याच पट्ट्यात चालत, त्यामुळे गोंगाट असलेली ही जागा कोणाला फारशी नको होती. गावकुसाबाहेरच्या पडीक जमिनीसारखीच तिची अवस्था होती. पण परवाना नाही, भाडे नाही, म्हणून नव्या प्रयोगांना ती सोयीची ठरली. पुढे १९९७ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने '८०२.११' नावाचे मानक प्रसिद्ध केले. वेग होता सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट. 'वाय-फाय' हे नाव नंतरचे. १९९९ मध्ये कारखानदारांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि नावे ठरवण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका कंपनीकडून हे नाव करवून घेतले. त्याचा विस्तार लोक सांगतात खरा, पण ते नाव कशाचेही संक्षिप्त रूप म्हणून जन्माला आलेले नाही.

तारेच्या जाळ्यात चोरून ऐकायचे तर तारेपर्यंत पोचावे लागते. बिनतारी जाळ्यात ती अडचणच नाही. लहरी भिंतीतून, खिडकीतून, जिन्यातून बाहेर जातात. शेजारच्या घरातल्या फोडणीचा वास जसा मधल्या भिंतीला जुमानत नाही, तसेच हे. मानक करणाऱ्यांना याची पूर्ण जाणीव होती. म्हणून त्यांनी मानकातच एक कुलूप घालून दिले आणि त्याला नाव दिले 'तारेइतकी गुप्तता'. त्याच्याच इंग्रजी आद्याक्षरांवरून 'वेप' झाले. नावात दावा मोठा नव्हता. तारेवर जेवढी गुप्तता असते तेवढी इथे मिळेल, इतकेच आश्वासन होते. तेही पाळता आले नाही.

पहिले कुलूप आणि त्याची किल्ली

वेपच्या पोटात आरसी-४ नावाचे सांकेतिकीकरणाचे यंत्र होते. रॉन रिव्हेस्ट यांनी ते १९८७ मध्ये तयार केले होते. त्याची रचना व्यापारी गुपित म्हणून जपली होती, पण १९९४ मध्ये कोणीतरी निनावीपणे ती इंटरनेटवर टाकली. यंत्र लहान, वेगवान आणि स्वस्त चिपवर चालणारे होते. गणिती दृष्टीनेही तेव्हा ते बरे मानले जाई. घोटाळा झाला तो ते वापरण्यात.

पहिला घोटाळा किल्लीच्या लांबीचा. वेपची मूळ किल्ली अवघी ४० बिटांची होती. हा आकडा अभियंत्यांना सुचला म्हणून आला नाही. त्या काळी अमेरिकेचा कायदा भक्कम सांकेतिक यंत्रणेला युद्धसामग्रीच्या पंगतीत बसवत होता आणि निर्यात सुलभ व्हायची तर किल्ली ४० बिटांच्या आत ठेवावी लागे. ४० बिटांच्या एकूण किल्ल्या होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. ऐकायला प्रचंड, पण १९९५ मध्येच फ्रान्समधल्या एका संशोधकाने संस्थेतली शंभराहून अधिक संगणकयंत्रे कामाला लावून असे एक कुलूप सुमारे आठ दिवसांत उघडून दाखवले होते. म्हणजे वेपचा जन्म झाला तेव्हाच त्याची किल्ली तोकडी असल्याचे जाहीर झालेले होते. इतरांचे बोलणे आपल्याला ऐकता यावे अशी एका सरकारची इच्छा होती, आणि ती जगभरच्या घरांच्या दारांवर कोरली गेली.

पुढे किल्ली १०४ बिटांची झाली. त्यात २४ बिटांची भर टाकून खोक्यावर '१२८ बिट' असे छापले जाऊ लागले. पण हे २४ बिट गुप्त नव्हतेच. ते प्रत्येक पाकिटासोबत उघडपणे जात. आणि दुसरा, अधिक गंभीर घोटाळा नेमका तिथेच होता.

आरसी-४सारखे यंत्र किल्लीपासून अंकांची एक लांबलचक माळ तयार करते. ती माळ मजकुरात मिसळली की मजकूर अगम्य होतो. अट एकच : एक माळ एकदाच वापरायची. तीच माळ दोन मजकुरांना वापरली, तर चोर दोन्ही अगम्य मजकूर एकमेकांतून वजा करून माळच काढून टाकू शकतो. दरवेळी माळ वेगळी व्हावी म्हणून वेपमध्ये प्रत्येक पाकिटाला एक २४ बिटांचा क्रमांक जोडत. असे क्रमांक एकूण १,६७,७७,२१६. गजबजलेल्या जाळ्यात ते पाचेक तासांत संपतात आणि मग पुन्हा तेच सुरू. क्रमांक चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले तर अवस्था आणखी वाईट होते. वर्गात २३ मुले असली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक होते. त्याच हिशेबाने पाचेक हजार पाकिटांतच एखादा क्रमांक दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्यावर जाते. काही कार्डे तर सुरू झाली की दरवेळी शून्यापासूनच मोजायला लागत.

ऑक्टोबर २००० मध्ये इंटेल कंपनीतील जेसी वॉकर यांनी मानक समितीपुढेच टिपण ठेवले, की किल्ली कितीही लांब केली तरी हे कुलूप सुरक्षित होणार नाही. २००१ मध्ये निकिता बोरिसोव्ह, इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर यांच्या निबंधाने वेपचे दोष एकेक करून मांडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्कॉट फ्लुरर, इत्सिक मँटिन आणि आदी शमिर यांनी दाखवले, की नुसते ऐकत बसूनही मूळ किल्ली काढता येते. यातले शमिर म्हणजे आरएसए या प्रसिद्ध पद्धतीतले 'एस', आणि त्याच नावातले 'आर' म्हणजे रिव्हेस्ट. एका मित्राच्या यंत्रातली फट दुसऱ्याने उघड केली. शास्त्रात याला भांडण म्हणत नाहीत. ती तिथली रीतच आहे. काही आठवड्यांतच ही युक्ती वापरणारी फुकट साधने कोणालाही मिळू लागली.

मोडके कुलूप विकले जात राहिले

इथे खरे तर गोष्ट संपायला हवी होती. २००१ मध्ये वेप मोडले, यादीतून काढले, विषय मिटला, असे व्हायला हवे होते. तसे झाले नाही, कारण तोवर लाखो कार्डे आणि राउटर विकले गेले होते. त्यांतल्या चिपा आरसी-४ चालवण्याइतक्याच ताकदीच्या होत्या. नवे, भक्कम यंत्र तयार होते. बेल्जियमच्या योआन डामेन आणि व्हिन्सेंट राइमेन यांची रचना जागतिक स्पर्धेतून निवडली जाऊन नोव्हेंबर २००१ मध्ये एईएस या नावाने अमेरिकेचे अधिकृत मानक झाली होती. पण जुन्या चिपांना ती पेलणारी नव्हती.

म्हणून २००३ मध्ये एक डागडुजी आली. तीच डब्ल्यूपीए. तिच्यातल्या टीकेआयपी पद्धतीत यंत्र आरसी-४च राहिले, पण प्रत्येक पाकिटाला किल्ली नव्याने घोटून दिली जाऊ लागली आणि क्रमांक २४ऐवजी ४८ बिटांचे झाले. मजकुरात कोणी ढवळाढवळ केली का हे तपासण्यासाठी नील्स फर्ग्युसन यांनी जुन्या चिपांना झेपेल अशी 'मायकेल' नावाची हलकी पद्धत दिली. ती कमजोर आहे हे त्यांनाही ठाऊक होते. म्हणून सोबत नियम घातला, की मिनिटाभरात दोन खोटी पाकिटे आली तर जाळे एक मिनिट बंदच ठेवायचे. गळक्या छपरावर पावसाळ्यापुरता ताडपत्रीचा तुकडा टाकावा, तसे हे काम होते आणि करणाऱ्यांनी ते तसेच म्हणून केले होते. पक्के छप्पर २००४ मध्ये आले : डब्ल्यूपीए-२, आणि त्यात एईएस. मार्च २००६ पासून वाय-फायचा शिक्का हवा असणाऱ्या नव्या उपकरणांत ते असणे सक्तीचे झाले.

ताडपत्री मात्र कोणी काढली नाही, आणि तिच्याखालचे मोडके छप्परही तसेच राहिले. कारण देण्यात येई ते सुसंगतीचे, म्हणजे जुने प्रिंटर, जुने फोन, दुकानातली जुनी बिलिंग यंत्रे चालली पाहिजेत. याची किंमत किती होते ते टीजेएक्स या अमेरिकी दुकानसाखळीच्या प्रकरणात दिसले. चोरांनी मायामीतल्या दुकानाबाहेरून वेपने 'राखलेले' जाळे फोडले, तिथून मुख्य संगणकांपर्यंत पोचले आणि किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती नेली. २००७ मध्ये हे उघड झाले. कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांच्या चौकशीत नमूद झाले, की कंपनीने वेप सोडून डब्ल्यूपीएकडे जायला फार वेळ लावला. सूत्रधाराला २०१० मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. आणि २००७ मध्येच जर्मनीतील डार्मस्टाट येथील तिघा संशोधकांनी १०४ बिटांचे वेप एका मिनिटाच्या आत उघडून दाखवले. तरीही पुढे कित्येक वर्षे राउटरच्या यादीत ते दिमाखात होतेच.

सानपाड्याचा मेल

आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा झाला तो जानेवारी २००५ मध्ये. म्हणजे वेप फुटून चार वर्षे लोटल्यावर आपल्या घरांत वाय-फाय येऊ लागले. ठेच लागलेल्या पुढच्याला पाहून मागच्याने शहाणे व्हायचे, तर ती संधी आपल्याला पूर्ण होती. पण राउटर खोक्यातून निघे तो बहुधा बिनकुलपाचाच. जोडणी चालू झाली की काम झाले, असेच जोडणारा आणि जोडून घेणारा दोघेही समजत.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत साखळी बाँबस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा मेल आला होता. तो कुठून निघाला याचा माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्यातील एका घरात. घरात राहणाऱ्याचा कटाशी संबंध नव्हता. त्याचे वाय-फाय उघडे होते आणि कोणीतरी जवळपास उभे राहून ते वापरले होते. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये आलेले पुढचे मेलही मुंबईतल्या अशाच परक्या जाळ्यांवरून गेल्याचे तपासात निघाले.

पोलीस त्या दारात का पोचले, हे समजून घेण्यासारखे आहे. घरात फोन, लॅपटॉप, टीव्ही कितीही असोत, बाहेरच्या इंटरनेटला राउटरचा एकच पत्ता दिसतो. गृहसंकुलाचे फाटक एकच असावे आणि आतून कोण बाहेर पडले त्याची नोंद नसावी, तसेच हे. फाटकातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाचा जाब मग फाटकाच्या मालकाला विचारला जातो. ज्या माणसाने काहीच केले नाही, त्याला आपण काही केले नाही हे सिद्ध करावे लागते. उघड्या वाय-फायने फार तर शेजारी फुकट सिनेमे पाहील, ही आपली कल्पना त्या जुलैत संपली.

जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी जाळी शोधत फिरण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी वाय-फायविषयी सूचना काढल्या. जाळे वापरणाऱ्याची ओळख पटलेली असावी, असा त्यांचा रोख होता. हे सगळे योग्यच होते. पण बोट फिरून फिरून घरमालकाकडेच वळले, हे मला महत्त्वाचे वाटते. निर्यातीच्या कायद्याने तोकडी केलेली किल्ली, समितीने चुकीच्या तऱ्हेने बसवलेले यंत्र, कारखान्याने बंद ठेवूनच पाठवलेले कुलूप, आणि जबाबदारी शेवटी कोणाची, तर दिवाणखान्यात राउटर ठेवणाऱ्याची.

सोयीची खिडकी

कुलूप लावणे लोकांना जड जाते, हे कारखानदारांनाही कळत होते. २००७च्या सुमारास त्यांनी डब्ल्यूपीएस ही सोय आणली. लांब पासवर्ड नको, राउटरच्या बुडावर छापलेला आठ आकडी पिन टाका, काम झाले. आठ आकड्यांचे १० कोटी पिन होतात. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून उरले १ कोटी. त्यातही राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासे आणि पहिला भाग चुकला की तसे सांगून टाकी. त्यामुळे पहिल्या चार आकड्यांचे १०,००० आणि पुढच्या तिघांचे १,०००, असे फार तर ११,००० प्रयत्न पुरत. डिसेंबर २०११ मध्ये स्टेफान फीबॉक यांनी हे जाहीर केले. काही तासांत दार उघडे. पुढच्या दाराला एईएसचे भक्कम कुलूप आणि मागच्या खिडकीला सुतळीचा फास, अशी ती अवस्था होती.

याच काळात आणखी दोन उपाय घरोघरी सांगितले जात, आजही सांगितले जातात : जाळ्याचे नाव लपवा, आणि ठरावीक उपकरणांचेच मॅक पत्ते नोंदवा. दोन्ही निरुपद्रवी, आणि दोन्ही जवळपास निरुपयोगी. नाव लपवले तरी आपला फोन जोडणी करताना ते हवेत बोलतोच. मॅक पत्ता तर प्रत्येक पाकिटावर उघडा लिहिलेला असतो. ऐकणारा तो सहज उचलून आपल्या यंत्राला लावू शकतो. दारावरची पाटी काढून टाकल्याने दाराला कुलूप लागत नाही.

जुने पाप, नवे रूप

डब्ल्यूपीए-२ मात्र टिकले. एईएस आजही कोणी मोडलेले नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियममधील लूव्हेन विद्यापीठाचे मॅथी वानहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी 'क्रॅक' नावाचा दोष दाखवला. फोन आणि राउटर यांच्यातला ओळखीचा संवाद मधेच अडवून तीच किल्ली पुन्हा बसवायला लावता येते, आणि पाकिटांचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. म्हणजे वेपचे जे पाप, तेच : एकदाच वापरायचे ते दोनदा वापरले गेले. या संवादाच्या सुरक्षिततेच्या गणिती सिद्धता दिलेल्या होत्या आणि त्या खोट्याही नव्हत्या. फक्त ही शक्यता त्यांच्या कक्षेत आली नव्हती. सुदैवाने हा दोष सॉफ्टवेअर अद्ययावत करून बुजवता आला, अर्थात ज्यांनी ते केले त्यांच्यापुरता.

डब्ल्यूपीए-२ची उरलेली दुबळी बाजू म्हणजे आपला पासवर्ड. जोडणीच्या वेळचा संवाद कोणी हवेतून टिपून घेतला, की तो घरी बसून हवे तितके पासवर्ड ताडून पाहू शकतो. राउटरला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक अंदाजाला वेळ लागावा म्हणून पासवर्ड आणि जाळ्याचे नाव एकत्र करून ४,०९६ वेळा घोटले जाते. पण कुलदैवताचे नाव आणि पुढे १२३, किंवा मुलीचे नाव आणि जन्मवर्ष, हे अंदाज चोराच्या यादीत पहिल्या पानावरच असतात. तिथे कितीही घोटून उपयोग नाही.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए-३ने नेमकी हीच फट बुजवली. डॅन हार्किन्स यांच्या पद्धतीवर आधारलेल्या नव्या संवादात प्रत्येक अंदाजासाठी चोराला राउटरशी प्रत्यक्ष बोलावे लागते. घरी नेऊन फोडण्याजोगे हाती काही लागत नाही. आज समजा पासवर्ड फुटला, तरी काल टिपलेला मजकूर उलगडत नाही. २०१९ मध्ये वानहूफ आणि इयाल रोनेन यांनी यातलेही काही दोष काढले आणि ते दुरुस्त झाले. जुलै २०२० पासून वाय-फायचा शिक्का मिळवू पाहणाऱ्या नव्या उपकरणांना डब्ल्यूपीए-३ सक्तीचे आहे. ६ गिगाहर्ट्झच्या नव्या पट्ट्यात तर जुन्या कुलपांना मज्जावच आहे. इथे मागच्यांसाठी दार उघडे ठेवायचे नाही, हे या इतिहासात प्रथमच सुरुवातीलाच ठरले.

मग निवडायचे काय?

शेजारच्या काकू किंवा गावाकडचा भाचा मला हा प्रश्न विचारतो, तेव्हा वरचा सगळा इतिहास सांगत बसता येत नाही. उत्तर चार ओळींचे असते. घरातली सगळी उपकरणे घेत असतील तर डब्ल्यूपीए-३. एखादे जुने अडत असेल तर डब्ल्यूपीए-२ आणि ३ची मिश्र सोय. तेही नसेल तर डब्ल्यूपीए-२ आणि सोबत फक्त एईएस. वेप आणि टीकेआयपी यांना हात लावायचा नाही. डब्ल्यूपीएसचा पिन बंद. पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा, लांब. तो ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, मग आठवरच का थांबायचे? राउटरच्या पानाचा स्वतःचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलायचा. पाहुण्यांना आणि स्वस्तातल्या कॅमेऱ्यांना, दिव्यांना 'गेस्ट' जाळे द्यायचे. आणि कंपनीने ज्याचे सॉफ्टवेअर अद्ययावत करणे सोडून दिले आहे, तो राउटर चालत असला तरी निवृत्त करायचा.

या चार ओळींतली प्रत्येक सूचना कोणाच्या तरी नुकसानीतून आलेली आहे. पिन बंद करा म्हणतो त्यामागे ते ११,००० प्रयत्न आहेत, वेप नको म्हणतो त्यामागे ४ कोटी ५७ लाख कार्डे, आणि उघडे ठेवू नका म्हणतो त्यामागे सानपाड्यातल्या एका घराच्या दारावर पडलेली पोलिसांची थाप. यादी मात्र यातले काही सांगत नाही. ती चार नावे एका ओळीत मांडते आणि सगळी सारखीच भक्कम असावीत असा भास होऊ देते. औषधाच्या दुकानात मुदत संपलेली बाटली नव्या बाटलीशेजारी ठेवलेली आपण खपवून घेत नाही. राउटरच्या यादीत ते वीस वर्षे खपले, आणि उघड्या घराचा जाब मात्र घरमालकालाच द्यावा लागला.